खंडेनवमीचं पिंप

सिंगापुरात यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. भिंती हातभर जाड, दार लोखंडी आणि इतकं जड की लहानपणी मला ते दोन्ही हातांनी ढकलावं लागे. तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. युद्ध झालंच तर घरातल्यांनी आत जाऊन बसायचं, अशी योजना. युद्ध काही झालं नाही, तेव्हा सगळी घरं करतात तेच आम्हीही केलं. तिथे सूटकेसा ठेवल्या, बिघडलेला टेबलफॅन ठेवला, तांदळाची पिशवी, आईने पुण्याहून आणलेले भाजणीचे डबे आणि वर्षातून एकदाच बाहेर निघणारं गणपतीचं मखर. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध उभं राहण्यापुरती जागा उरली होती, आणि त्या जागेत मी पाच वर्षं स्टीलपॅन वाजवलं. दार लावून घेतलं की आवाज शेजारच्या मिसेस टानपर्यंत जात नसे. आत मात्र तो असा घुमे की बाहेर आल्यावर आईला हाक दोनदा मारावी लागायची. माझ्या कपड्यांना तेव्हा कायम भाजणीचा वास येई, असं माझी मैत्रीण हुई मिन अजून सांगते.

स्टीलपॅन म्हणजे तेलाचं लोखंडी पिंप. त्याचा तळ ठोकून ठोकून परातीसारखा खोल करायचा, त्यात प्रत्येक स्वराचा वेगळा उंचवटा घडवायचा, आणि टोकाला रबर लावलेल्या दोन काठ्यांनी ते वाजवायचं. वाद्य त्रिनिदादचं, वेस्ट इंडिजमधलं. मराठी मुलगी सिंगापुरात बसून हे कुठून शिकली, असं लोक मला आजही विचारतात. मी सांगते, आईबाबांमुळे. हे उत्तर त्या दोघांनाही आवडत नाही, पण ते खरं आहे. बाबा बोटीवर चीफ इंजिनिअर होते. मी आठ वर्षांची असताना कॅरिबियन बेटांकडची एक खेप करून ते आले, तेव्हा माझ्यासाठी जेवणाच्या ताटलीएवढं एक छोटं पॅन घेऊन आले. आठ स्वर, दोन काठ्या, कडेला निळ्या रंगात काढलेलं नारळाचं झाड. बंदराबाहेरच्या दुकानात त्यांना ते शोभेची वस्तू म्हणून आवडलं होतं. पोरगी ते भिंतीवरून काढून वाजवत बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे ते किनाऱ्यावरच्या नोकरीत आले, सेंबावांगकडच्या एका यार्डात बोटींच्या दुरुस्तीवर देखरेख करू लागले, आणि आम्ही यिशुनला स्थायिक झालो. आई फिजिओथेरपिस्ट, तिला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथेच एक दिवस उजवं मनगट डाव्या हाताने धरून मिस युनिस तिच्यासमोर येऊन बसल्या.

मिस युनिस साठीच्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, आणि हसल्या की अख्खी वेटिंग रूम वळून बघायची. जन्म त्रिनिदादचा, नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आलेल्या, तरी शिकवणाऱ्या म्हणून सगळ्यांच्या 'मिस'च. आईने रिवाजाप्रमाणे विचारलं, काम काय करता? त्या म्हणाल्या, पिंपं ठोकते. चाळीस वर्षं ठोकून मनगटाचा पार भुगा झाला होता. आई त्या दिवशी जेवताना मला म्हणाली, "अगं, तुझ्या त्या भिंतीवरच्या ताटलीच्या देशातली एक बाई आज आली होती." एवढंच एक वाक्य. ते बोलून आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. पण पुढच्या शनिवारी माझा हात धरून मला त्यांच्याकडे नेणारीही तीच होती.

मिस युनिस यांचं युनिट यिशुनच्याच औद्योगिक भागात, गॅरेजांच्या रांगेत होतं. एका बाजूला अपघातातल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा, दुसऱ्या बाजूला टायरवाला, त्यामुळे मधे एक बाई दिवसभर पिंप ठोकत बसली तरी कोणी तक्रार करत नसे. आत शिरलं की तेलाचा, गंजाचा आणि मिरचीचा असा एकत्र वास येई. मिरचीचा वास त्यांच्या डब्याचा. दोन मऊ पुऱ्यांमध्ये छोले भरून वर मिरचीची चटणी, हा त्यांच्याकडचा रस्त्यावरचा नाश्ता. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्याकडच्या लोकांनी तो तिथे नेला. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "हे तर आपलं पुरी-छोले." मिस युनिस ठामपणे म्हणाल्या, "नाही, हे आमचं आहे." दोघींचा हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आईने त्यांना लसणाचा ठेचा दिला, त्यांनी आईला पिवळ्या मिरच्यांचा सॉस दिला, आणि दोघींनी एकमेकींच्या बाटल्या बघता बघता संपवल्या.

त्यांचं मनगट चालत नव्हतं, म्हणून मला हातोडी मिळाली. तसं नसतं तर मी फक्त वाजवायला शिकले असते. त्या स्टुलावर बसून डाव्या हाताचं बोट एका जागेवर टेकवायच्या, आणि मी तिथे ठोकायची. खालून अलगद उचलायचं, वरून अलगद बसवायचं, मग काठीने वाजवून ऐकायचं. पुन्हा ठोकायचं, पुन्हा ऐकायचं. आपल्याकडे तंबोरा लावतात तसं हे पॅन लावायचं काम, फक्त इथे खुंटी नसते. जे काही आहे ते त्या पत्र्याच्या बाकात आहे. पहिले सहा महिने त्यांनी मला टाकाऊ पिंपांवरच ठोकू दिलं. मग लहान मुलांच्या शिकाऊ पॅनवर. त्यांचं स्वतःचं लीड पॅन, म्हणजे मुख्य चाल वाजवायचं पॅन, मात्र कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं असे. ते त्यांच्या गुरूंनी त्यांच्यासाठी घडवलं होतं आणि त्याला हातोडी लावायची मला सक्त मनाई होती. "वाजव," त्या म्हणायच्या, "पण ठोकायचं नाही."

काम करता करता त्या त्यांच्या गावातल्या मुलामुलींच्या गोष्टी सांगायच्या. कार्निव्हलच्या आधी दोन महिने सगळ्या मैदानांत पॅन वाजतं, शंभर-शंभर पोरं एका वेळी. कार्निव्हल संपला की तीच पोरं हॉटेलात प्लेटा उचलतात, नाहीतर पर्यटकांच्या बोटीवर वादक म्हणून चढतात आणि आठ-आठ महिने घराचं तोंड बघत नाहीत. त्या स्वतः तशाच एका बोटीवरून जगभर फिरल्या होत्या. "वाजवणारे खूप आहेत," त्या म्हणायच्या, "सुंदर वाजवणारेही खूप आहेत. तू वाजव, शिकव आणि लाव. तिन्ही जमलं तर वर्षाचे बारा महिने काम मिळेल." मला ते तेव्हा म्हातारीचं गाऱ्हाणं वाटायचं. मला रंगमंच दिसत होता. आज आठवड्यातून चार दिवस शाळांमध्ये शिकवते, दोन दिवस पॅन लावते आणि रंगमंचावर महिन्यातून एकदा कधीतरी चढते, तेव्हा त्यांच्या त्या वाक्याला मनातल्या मनात नमस्कार करते.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला आणि खरा पेच समोर आला. मी सिंगापुरात राहत होते ती बाबांच्या आधाराने, डिपेंडंट पासवर. एकविसावा वाढदिवस आला की तो पास संपतो. त्यानंतर राहायचं तर स्वतःच्या नोकरीचा पास हवा, नाहीतर सामान बांधायचं. माझा वाढदिवस डिसेंबरात. बाबांच्या ओळखीतून पाया लेबारच्या एका ऑफिसात माल कुठे पोचला ते दिवसभर पडद्यावर बघत राहायची नोकरी मिळत होती. पासचं सगळं ती कंपनी बघणार होती. दुसऱ्या बाजूला मिस्टर को. त्यांची छोटी कंपनी शाळांमध्ये संगीत शिकवायला माणसं पाठवायची. त्यांना पॅन शिकवणारं एक पूर्णवेळ माणूस हवं होतं, आणि परदेशी माणसासाठी त्यांच्याकडे एकच जागा होती. मिस युनिस यांनी माझं नाव सुचवलं. दसऱ्याच्या रविवारी ते मला ऐकायला येणार होते. पाया लेबारला होय की नाही ते सोमवारी सकाळी कळवायचं होतं.

 त्या महिन्यात आई पोळ्या लाटताना लाटणं जरा जास्तच जोरात आपटायची. बाबांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीने सरळ होतं. "शरू, मी आयुष्यभर इंजिन रूममध्ये कान फोडून घेतले ते तू एसीत बसावीस म्हणून. आणि तू जाऊन गॅरेजांच्या रांगेत पिंप ठोकत बसणार?" मी त्यांना अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि राग आला की शाळेतली भाषा तोंडात यायची. "बाबा, नॉट सेम ला! इट्स म्युझिक!" मग आई आतून म्हणायची, "त्या 'ला'ला आधी घराबाहेर ठेवून ये." हुई मिन बरी. तिच्या घरी कोणी काही बोलत नसे. ती सकाळी बेकरीत काम करायची, दुपारनंतर खर्जाचं बेस पॅन वाजवायची, आणि तिची आई फक्त एवढंच विचारायची की जेवलीस का.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी ती कधी चुकली नाही. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचा मायक्रोमीटर, त्यांचा आवडता पाना आणि टॉर्च. शेजारी आईची सांध्याचा कोन मोजायची पट्टी. माझी आधी पुस्तकं असायची, नंतर लॅपटॉप. आदल्या दिवशी प्रत्येक वस्तू घासूनपुसून लख्ख करायची, हा बाबांचा बोटीवरचा नियम. ज्याच्यावर पोट आहे ते अवजार मळकं ठेवायचं नाही. पॅनही पाटावर ठेवूया, असं मी दरवर्षी म्हणायची आणि आई दरवर्षी म्हणायची, "अवजारांची पूजा असते गं, खेळण्यांची नाही." चौथ्या वर्षानंतर मी विचारणं सोडून दिलं.

त्या वर्षी सरावासाठी मिस युनिस यांनी त्यांचं लीड पॅन मला घरी दिलं होतं. बाकीची सगळी पॅन एका शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती, ती सोमवारशिवाय परत येणार नव्हती. खंडेनवमी शनिवारी होती. सकाळी सातला आईने मला उठवलं आणि झेंडूची फुलं आणायला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेक्का मार्केटला पिटाळलं. फुलं यिशुनमध्येही मिळतात, हे मला एमआरटीच्या गाडीत बसल्यावर सुचलं. पण आईच्या यादीत आंब्याची डहाळी होती, केळीची पानं होती, अमक्याच दुकानातला कापूर होता. सगळं गोळा करून घामाघूम होऊन परत यायला अकरा वाजून गेले.

दारात आले तर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे आई पापड वाळत घालायची त्या उन्हाच्या पट्ट्यात, एक जुनं बेडशीट अंथरलेलं होतं, ओलसर. आत गेले. पाटावर लाल कापड. मायक्रोमीटर, पाना, कोनाची पट्टी कडेला सरकवलेली. मधोमध पॅन. इतकं चकचकीत मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पोटात झेंडूची तीन फुलं, कडेला हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता. आई नवी साडी नेसून समईची वात सारखी करत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय बघत्येस? पाय धुऊन ये. तुझं अवजार आहे, तू पूजा करायचीस." बाबा सोफ्यावर बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर उलगडून धरला होता. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

आरती झाली, प्रसाद झाला. बाबा म्हणाले, "आता वाजवून दाखव की. उद्या ते को येणारेत ना?" आई मांडी घालून समोर बसली. पाच वर्षांत ती दोघं पहिल्यांदा मुद्दाम ऐकायला बसली होती. मी फुलं काढून ठेवली, काठ्या घेतल्या आणि वाजवायला सुरुवात केली. चौथ्याच स्वराला हात थांबला. पुन्हा वाजवलं. जिथे गोल, भरलेला आवाज यायला हवा तिथे पत्र्याच्या डब्याचा आवाज आला. शेजारचा स्वर घसरलेला. पलीकडचा वर चढलेला. एकूण पाच स्वर गेले होते.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

"काही नाही," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वठवलेलं खोटं ते हेच. बाबांनी चाळीस इंजिनं नुसत्या आवाजावरून ओळखली होती. त्यांच्यापासून काय लपणार? ते उठून जवळ आले. मी विचारलं, काय काय केलंत याला? मग एकेक निघालं. आईने पॅन चिंचेने घासलं होतं, तांब्याची भांडी घासतात तसं, आणि गंज धरू नये म्हणून तीन तास उन्हात तापत ठेवलं होतं. पॅनला उन्हात ठेवायचं नसतं. पत्रा ताणतो, सैल पडतो, आणि स्वर जागा सोडतात. पण खरा घाव दुसराच होता. बाबा हळूच म्हणाले, "त्याला चारपाच ठिकाणी पोचे पडले होते. म्हटलं, पोरीने कुठेतरी आपटलं असेल, मिस ओरडतील. रबरी हातोडीने काढून टाकले. अगदी साफ निघाले." ते पोचे नव्हते. मिस युनिस यांच्या गुरूंनी वर्षानुवर्षं बारीक ठोके देऊन बसवलेला स्वरांचा बाक होता तो. माझ्या वडिलांनी सणाचं म्हणून, प्रेमाने, पूर्ण कौशल्याने तो सपाट केला होता.

मी ओरडले नाही, याचं श्रेय माझ्या स्वभावाला नाही. कॉरिडॉरमधलं ते ओलं बेडशीट डोळ्यासमोर होतं. मला दूर पाठवून दोघांनी सकाळभर खपून हे केलं होतं. आईचा चेहरा पांढरा पडला होता.  बाबांनी पाटावरचा आपला टॉर्च उचलला, पॅन बेडशीटमध्ये गुंडाळलं आणि चपला घालत म्हणाले, "चल. कुठे जायचं?"

 टॅक्सीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मिस युनिस यांना तोंड कसं दाखवायचं. उद्याचं तर गेलंच, पण हे पॅन पुन्हा घडवायला त्यांचे गुरू हयात नव्हते. युनिटमध्ये बाबांनी पॅन टेबलावर ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून, आपण काय केलं ते इंग्रजीत सगळं सांगितलं, काही न वगळता. मिस युनिस यांनी कडेवरून बोट फिरवलं. बोटाला कुंकू लागलं. "हे काय?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस ज्याच्या-त्याच्या कामाच्या हत्यारांची पूजा करतात, आणि आज पहिल्यांदा यांनी याची केली.

त्यांनी ते कुंकू दोन बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी सोळा वर्षांची असताना माझ्या आईने माझ्या काठ्या चुलीत घातल्या. पॅनच्या मैदानात जाणारी मुलगी म्हणजे वाया गेलेली, असं तेव्हा म्हणत. तुझ्या आईने फुलं वाहिली. आणि तू रडतेस?"

मी म्हणाले, "पण पॅन बिघडलं ना, मिस."

"बिघडलं. मग लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी आपलं पट्टा बांधलेलं मनगट वर करून दाखवलं. "याने मी चमचा धरू शकत नाही, हातोडी काय धरणार? पाच वर्षं तुला कशाला शिकवलं?" आणि स्टूल ओढून बसल्या.

त्या दुपारी दोन वाजता मी त्या पॅनला पहिला ठोका दिला. हातोडी दोनदा भलतीकडेच पडली. पॅन हलू नये म्हणून कोणीतरी घट्ट धरायला हवं होतं. बाबा पुढे आले, जमिनीवर मांडी घातली, पॅन गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही तळवे कडेला लावले. मिस युनिस बोट ठेवायच्या, मी ठोकायची, बाबा धरायचे. तासाभराने बाबा स्वतःहून म्हणू लागले, "अजून नाही बसला," आणि मिस युनिस यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत तीन स्वर जागेवर आले. चौथा रविवारी सकाळी आठला आल्यावर लागला. पाचवा काही केल्या येईना.

मिस्टर को दहाला येणार होते. साडेनऊलाच आले, पायात स्लिपर, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, स्ट्रॉसकट. मी पॅनखाली वाकलेली, केस विस्कटलेले, हाताला काळं लागलेलं. दचकून उठायला लागले तर म्हणाले, "यू कॅरी ऑन ला." आणि पिंपावर बसून कोपी पीत बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी जमिनीवर बसलेल्या बाबांकडे स्ट्रॉ दाखवली. "दिस अंकल युअर वर्कर, आ?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "येस. हर हेल्पर."

ज्यांच्या हाताखाली यार्डात साठ माणसं होती, ते माझे बाबा. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. तळवे पॅनच्या कडेला तसेच घट्ट होते. त्यानंतर मी काय वाजवलं, कसं वाजवलं, ते मला नीट आठवत नाही. को यांनी पाचव्या स्वरावर बोट ठेवून विचारलं, "दिस वन ओके ऑर नॉट?" मी म्हणाले, नाही, ओके नाही, अजून दोन दिवस लागतील. ते "हम्म" म्हणाले. तेवढ्यात आई डबा घेऊन आली, श्रीखंड आणि पुऱ्या. तिने को यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि सांगितलं, हे आमच्याकडचं सोनं. त्यांनी ते व्हिजिटिंग कार्डांच्या डबीत नीट ठेवलं, श्रीखंड दोनदा मागून घेतलं, आणि कळवतो म्हणून निघून गेले.

सोमवारी सकाळपर्यंत कळवलं नव्हतं. मी फोन उलटा-सुलटा करून बघत होते. आईने पोहे वाढले. नऊपर्यंत पाया लेबारला उत्तर द्यायचं होतं. बाबा यार्डाच्या बसला जायला तयार होऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "काय सांगणार आहेस त्यांना?"

"नाही म्हणून सांगणार आहे."

"आणि को नाही म्हणाले तर?" आईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला जास्त जड गेलं. "डिसेंबरात पास संपतोय, शरू."

मी काही बोलणार तोच बाबांनी बशी सरकवली. "तर जाईल पुण्याला मावशीकडे," ते म्हणाले. "पिंपं तिथेही मिळतात." आणि बूट घालून बाहेर पडले. लिफ्टपर्यंत जाऊन परत आले आणि दारातूनच म्हणाले, "तो पाचवा स्वर आज लावून टाक. राहून जाईल नाहीतर."

को यांचा फोन मंगळवारी आला. वाजवणारी मुलं त्यांच्याकडे आठ-दहा येऊन गेली होती, ते म्हणाले, आणि सगळ्यांनी सगळं ओके आहे असं सांगितलं होतं. शाळांमधली पॅन लावायला मात्र त्यांना दरवर्षी बाहेरच्या देशातून माणूस बोलवावा लागे, म्हणून ती एक जागा त्यांनी मला देऊ केली. माझा पास पहिल्या खेपेस नाकारला गेला, अर्ज पुन्हा करावा लागला, आणि तो मंजूर झाला तेव्हा वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. ते नऊ दिवस मी यिशुनमध्ये बिनकामाची भटकत होते, मिळेल त्याला आनंदाने नमस्कार करत.

मिस युनिस त्रिनिदादला परत गेल्या तेव्हा ते पॅन मला देऊन गेल्या. पाचवा स्वर मी आठवण म्हणून तसाच ठेवला असेल, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. छे! बाबांनी सांगितलं त्याच दिवशी लावायला घेतला आणि बुधवारी दुपारी लागला. बिघडलेलं वाद्य जपून ठेवायची चैन आमच्या धंद्यात परवडत नाही. कडेच्या आतल्या बाजूला कुंकवाचा एक डाग मात्र आहे, तो मी पुसत नाही. शिकायला आलेली मुलं विचारतात, टीचर, व्हॉट्स दॅट? मी सांगते, माझ्या आईची सही.

आता मुलं बॉम्ब शेल्टरमध्ये नाही, ध्वनिबंद खोल्यांमध्ये शिकतात, आणि त्यांचे आईबाप दाराबाहेर बसून वाट बघतात. काहींच्या चेहऱ्यावर मला माझ्या बाबांचा तो उलगडून धरलेला पेपर दिसतो. मी त्यांना आत बोलावते. म्हणते, जरा हे धरता का? ते बिचकतात, मग मांडी घालून बसतात.

आईबाबा निवृत्त होऊन रत्नागिरीला गेले, त्याला काही वर्षं झाली. गेल्या खंडेनवमीला बाबांनी फोटो पाठवला. पाटावर लाल कापड, त्यावर मायक्रोमीटर, आईची कोनाची पट्टी, आणि मधोमध ते ताटलीएवढं पॅन, निळ्या नारळाचं. फूल एकच, तेही कडेला. खाली बाबांचा मेसेज होता: "कोरड्या फडक्याने पुसलं आहे. उन्हात ठेवलेलं नाही. एक पोचा आहे, पण तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."